कलिंगड वाजवून पिकलंय का ते मशीन लर्निंगनं ओळखता येईल का? (शेतात करून बघतोय, मदत हवीय)

शेतीवाला_पुणेकर
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी राहायला धायरीत, नोकरी हिंजवडीला सॉफ्टवेअरमधली, पण काकांची शेती शिरूर तालुक्यात आहे आणि दर उन्हाळ्यात चार एकर कलिंगड असतं. विषय जरा लांबलचक आहे, पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्याकडे तोडणीला एक तात्या यायचे, वय आता सत्तरच्या पुढे. ते वेलांमधनं चालत जायचे, फळावर टिचकी मारायचे आणि 'घे' नाहीतर 'राहू दे' एवढंच बोलायचे, मागून पोरं देठ कापत जायची. वर्षानुवर्षं असंच चाललं त्यामुळे हे काम किती अवघड आहे याचा आम्ही कुणी कधी विचारच केला नाही. यंदा पहिल्या तोडणीला त्यांचा गुडघा धरला, ते आले नाहीत, गाडी तर बांधावर उभी, मग आम्ही साईज बघून तोडलं. मार्केटला फळं फोडून बघितली तेव्हा बराच कच्चा माल निघाला आणि पट्टीत पैसे कापले गेले. पैशाचं जाऊ दे, मला जास्त लागलं ते हे की कलिंगड तोडल्यावर पिकत नाही. केळं, आंबा, चिकू घरी ठेवला तर पिकतो, गोड होतो, कलिंगडाची गोडी मात्र देठ कापला त्या क्षणी जेवढी असेल तेवढीच, पुढे गर मऊ पडेल पण साखर वाढणार नाही. म्हणजे ती फळं अजून पाच-सहा दिवस वेलावर राहिली असती तर उत्तम झाली असती आणि ती संधी आम्ही स्वतःच्या हातानं घालवली.

म्हणून ठरवलं की तात्यांच्या कानाला जे कळतं ते मशीनला शिकवता येतं का बघू. मागच्या दोन रविवारी ६० फळं घेतली, प्रत्येकावर दहा टिचक्या मारून मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, मग प्रत्येक फळ कापून मधल्या गराचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायचं छोटं उपकरण) टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, बघितला. १० च्या वर असेल तर पिकलं, खाली असेल तर कच्चं असं लिहिलं. ६० पैकी ९ कच्ची निघाली. पायथॉनमध्ये लिब्रोसा ही आवाजाची लायब्ररी वापरून आवाजाचे मेल स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठली फ्रीक्वेन्सी किती जोरात आहे याचं चित्र) काढले आणि एक छोटं न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं. टेस्टमध्ये जवळपास सगळं बरोबर यायला लागलं, रात्री दोनला काकांना फोन करायचा बाकी होता इतका आनंद झाला.

आज शेतात नवीन फळांवर चालवलं तर काही खरं नाही. समोर उघड कच्चं फळ, आणि हे म्हणतंय पिकलं. कुठं चुकतंय?

मंडईकर
रविवार, रात्री १०:५२

आवाजाच्या आधी डोळ्याला दिसतं ते लिहून घेतलंत का? देठाजवळची बाळी (वेलाचा गुंडाळलेला तंतू) वाळलेली, जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळसर झालेला, आणि वाजवल्यावर 'बदबद' आवाज, या तिन्ही खुणा जुने लोक एकत्र बघतात. कच्चं फळ टणटण वाजतं. मंडईत गिऱ्हाईकाला बाळी दिसत नाही कारण देठ आखूड कापलेला असतो, म्हणून तिथं सगळे नुसतं वाजवत बसतात, पण तुम्ही तर शेतात उभे आहात, बाळी डोळ्यासमोर आहे, ती का सोडता?

विदर्भकन्या
रविवार, रात्री ११:०५

आमच्याकडे याला टरबूज म्हणतात 🙂 माझे बाबा तोडणीच्या आधी काही दिवस पाणी कमी करायचे, नाहीतर फळ दिसायला मोठं पण चवीला पांचट. तेव्हा ब्रिक्स कमी आला म्हणजे फळ कच्चंच असं धरू नका, पाणी जास्त झालेलं पिकलं फळ पण कमी गोड लागतं. पिकणं वेगळं आणि गोडी वेगळी, तुमच्या दोन रकान्यांत ते एक झालंय असं वाटतं.

डेटा_दादा
सोमवार, सकाळी ८:३०

तुमची चूक मला पहिल्याच पोस्टमध्ये दिसली आणि ती खूप जणांची होते. एका फळाच्या दहा टिचक्या आहेत ना, त्या ट्रेन (मॉडेलला शिकवायच्या) आणि टेस्टमध्ये (परीक्षा घ्यायच्या) वाटताना तुम्ही ६०० क्लिप सरसकट पिसल्या असणार. म्हणजे १७ नंबरच्या फळाच्या आठ टिचक्या ट्रेनमध्ये आणि दोन टेस्टमध्ये. मॉडेल पिकलेलं-कच्चं शिकलंच नाही, ते फळ ओळखायला शिकलं. त्या फळाचा आकार, त्या वेळचा वारा, मागून गेलेला ट्रॅक्टर, हे सगळं त्या आठ टिचक्यांत होतं आणि टेस्टच्या दोन टिचक्यांत पण होतं. पेपर आधीच फुटलेला आहे असं समजा. फळाच्या नंबरवरून वाटणी करा, एका फळाच्या सगळ्या टिचक्या एकाच बाजूला राहिल्या पाहिजेत. पायथॉनच्या सायकिट-लर्न लायब्ररीमध्ये अशी वाटणी ग्रुप के-फोल्ड म्हणून तयार आहे.

दुसरं. ६० पैकी ५१ पिकलेली आहेत, म्हणजे डोळे मिटून प्रत्येक वेळी 'पिकलं' म्हटलं तरी शंभरातली ८५ उत्तरं बरोबर येतात. नुसती अचूकता बघून काही कळणार नाही. कच्ची नऊ पैकी किती पकडली ते वेगळं मोजा.

आणि ६० फळांवर न्यूरल नेटवर्क नको, आपल्याकडे ६०० नमुने नाहीत, ६० च आहेत. आधी साधे दोन-तीन आकडे काढा आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (थोड्या आकड्यांवरून हो-नाही ठरवायची साधी पद्धत) करा, चुकलं तर का चुकलं हे तरी दिसेल.

शेतीवाला_पुणेकर
सोमवार, रात्री ९:४०

दादा, तुम्ही म्हणालात तसं फळावरून वाटणी केली आणि सगळं खाली आलं. नऊ कच्च्यांपैकी दोनच पकडली. सकाळपासून वाईट वाटत होतं पण आता निदान खरं काय ते समोर आलंय. साधे आकडे म्हणजे नेमके कुठले घेऊ?

दायाँ_बायाँ
सोमवार, रात्री १०:२०

मी तबला वाजवतो आणि शिकवतो, मशीन लर्निंगमधलं मला कळत नाही, पण आवाजाबद्दल सांगतो. तबल्यावर किनारीवर मारलं, मैदानावर मारलं, शाईवर मारलं की तीन वेगळे आवाज येतात, पुडी तीच. चामड्याच्या कंपनांचे वेगवेगळे प्रकार असतात आणि तुम्ही जिथं मारता त्यावर कुठला प्रकार जास्त उठेल ते ठरतं. शाईमुळे ते सूर एकमेकांशी जुळतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं. फळाचं पण तसंच असणार. तुम्ही एक टिचकी देठाजवळ मारली, एक पोटावर, एक खालच्या बाजूला, तर दहा टिचक्या म्हणजे दहा वेगळी वाद्यं झाली. जागा एकच धरा, मधोमध पोटावर.

अजून एक, तबला आपण चुंबळीवर ठेवतो, सरळ फरशीवर ठेवला तर आवाज दबतो. फळ मातीत रुतलेलं असेल तर तेच होणार. शेतात हलकेच थोडं उचलून वाजवा नाहीतर सगळी फळं एकसारख्या चुंबळीवर ठेवून वाजवा.

फळप्रक्रिया_ताई
सोमवार, रात्री ११:१०

दायाँ_बायाँ यांनी अगदी मुद्द्याचं सांगितलं. मी फूड टेक्नॉलॉजीवाली, यातलं थोडं फळांवर स्वतः मोजलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

फळावर टिचकी मारली की ते आपल्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सीला थरथरतं. गर जितका कडक तितकी फ्रीक्वेन्सी वर, पिकताना पेशींच्या भिंती सैल होतात, गर मऊ पडतो, फ्रीक्वेन्सी खाली येते. टणटणचं बदबद होतं ते एवढ्यामुळेच. पण फ्रीक्वेन्सी वजनानं पण खाली येते, मोठा घंटा आणि छोटी घंटी आठवा. म्हणून नुसत्या आवाजावरून दोन फळांची तुलना होत नाही. गोल फळासाठी कूक आणि रँड यांनी १९७३ मध्ये गणित मांडलं, त्यातून आजही वापरतात तो कडकपणाचा आकडा येतो: फ्रीक्वेन्सीचा वर्ग गुणिले वजनाचा दोन-तृतीयांश घात.

उदाहरण करून बघा. दोन किलोचं फळ १९० हर्ट्झला वाजतंय. तेवढ्याच कडक गराचं चार किलोचं फळ साधारण १५० ला वाजेल. आता तुमच्या मॉडेलला वजन माहीतच नाही, त्याला १५० म्हणजे मऊ आणि १९० म्हणजे कडक एवढंच दिसणार. दोन्ही फळं सारखीच पिकलेली असताना मोठं 'पिकलं' आणि छोटं 'कच्चं' ठरणार. तुमचं ते उघड कच्चं फळ आकारानं मोठं होतं का?

जपानी संशोधकांनी १९८० मध्येच सफरचंद आणि कलिंगडावर टिचकीचा आवाज मोजून आतली प्रत ओळखायचा प्रयोग छापलाय, म्हणजे कल्पना पक्की आहे, फक्त वजन घ्या. आणि विदर्भकन्या म्हणाल्या ते लक्षात ठेवा, आवाज कडकपणा सांगतो, साखर सांगत नाही. दोघांचा संबंध आहे पण ते एक नाहीत.

शेतीवाला_पुणेकर
सोमवार, रात्री ११:४५

ताई, हो, ते फळ सहा किलोच्या पुढचं होतं! आणि वजनाचा रकाना मी ठेवलाच नाहीये. काकांकडे काटा आहे, गोठ्यातच टांगलाय.

फणसवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

मस्त धागा. फणस पण आम्ही वाजवूनच उतरवतो. पण मला वेगळा प्रश्न आहे, हापूसमधला साका असा आवाजावरून कळेल का? वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर. पुण्यात ओळखीच्यांना पेटी द्यायची आणि त्यांच्या घरी साका निघायचा, फार लाजल्यासारखं होतं.

फळप्रक्रिया_ताई
मंगळवार, दुपारी १:३०

साका टिचकीनं पकडणं अवघड आहे. आंबा लहान, मधे मोठी कोय, आणि साका गराच्या एका भागातच असतो, त्यामुळे पूर्ण फळाच्या थरथरीत फार फरक पडत नाही. त्याच्यासाठी क्ष-किरण किंवा निअर इन्फ्रारेड प्रकाशाचे प्रयोग होतात. आढीतला आंबा किती मऊ झालाय हे मात्र आवाजानं मोजता येईल, पण ते आजीचा अंगठा पण सांगतो.

रेकॉर्डिंगवाला
मंगळवार, दुपारी ३:०५

मोबाईलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मोबाईलचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी लावलेला असतो, त्यात आपोआप आवाज कमी-जास्त करणं आणि मागचा गोंगाट कापणं चालू असतं. कलिंगडाचा मुख्य सूर शंभर ते दोनशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फोन ज्याला घरघर समजून कापू शकतो नेमका तोच भाग. अँड्रॉइडवर प्रक्रिया न केलेला आवाज घेता येतो, तसं देणारं ॲप शोधा आणि वेव्ह फाईलच ठेवा, व्हॉट्सॲपवरून व्हॉइस मेसेज म्हणून मागवलेलं रेकॉर्डिंग अजिबात वापरू नका, ते दाबलेलं असतं.

शिवाय टिचकीचा आवाज साधारण एक दशांश सेकंदात विरतो. तेवढ्याशा तुकड्यावरून फ्रीक्वेन्सी दहाएक हर्ट्झच्या फरकानंच सांगता येते, त्याहून बारीक नाही. म्हणून एका टिचकीवर विसंबू नका, दहाही टिचक्यांचे आकडे काढून त्यातला मधला घ्या.

ओपीडीतून
मंगळवार, रात्री १०:३०

मी डॉक्टर आहे. पेशंटच्या छातीवर बोटानं ठोकून आम्ही फुप्फुसाभोवती पाणी झालंय का ते बघतो, ही पद्धत व्हिएन्नातल्या ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी १७६१ मध्ये मांडली. त्यांचे वडील सराई चालवायचे आणि पिंपात किती दारू उरलीय हे ठोकून बघायचे, त्यावरून सुचलं असं सांगतात. पण नुसतं सुचून ते थांबले नाहीत, मृतदेहाच्या छातीत पाणी भरून आवाज कुठपासून बदलतो हे त्यांनी तपासलं. तुम्ही प्रत्येक फळ कापून बघताय ते तेच काम आहे, ते सोडू नका.

मला एक विचारायचंय. आम्ही ठोकताना डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकवतो आणि उजव्या हाताच्या बोटानं त्याच्यावर ठोकतो. पाणी असलं की कानाला मंद आवाज येतोच पण त्याआधी टेकवलेल्या बोटाला जडपणा जाणवतो, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. तर तात्या टिचकी मारतात तेव्हा त्यांचा दुसरा हात कुठं असतो?

शेतीवाला_पुणेकर
मंगळवार, रात्री १०:५०

डॉक्टर, इतकी वर्षं बघतोय पण हे सांगता येत नाहीये. शनिवारी त्यांच्याकडे जातो.

शेतीवाला_पुणेकर
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, सविस्तर लिहितोय.

तात्यांचा गुडघा आता बरा आहे, काल त्यांना गाडीवर मागे बसवून शेतात आणलं. त्यांना म्हटलं तुम्ही नेहमीसारखं करा, मी फक्त हात बघतो. ते उकिडवे बसले, डावा तळवा फळाच्या कुशीला खालून लावला, बोटं पसरून, आणि फळ जेमतेम मातीवरून सुटेल एवढंच कलतं केलं, देठाला अजिबात ताण नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं वरून टिचकी. आणि टिचकी मारताना ते फळाकडे बघतच नव्हते, कान पण जवळ नेत नव्हते, शेजारी मोटर चालू होती तरी त्यांना काही फरक पडत नव्हता. मी विचारलं तात्या तुम्हाला ऐकू कसं येतं एवढ्या आवाजात, तर म्हणाले, 'हातात येतंय की.' मग माझा तळवा धरून तसाच फळाखाली लावला आणि वरून टिचकी मारली. कच्च्या फळात तळव्याला बारीक टोचल्यासारखं झालं आणि लगेच थांबलं. पिकलेल्यात थरथर सावकाश पसरली, अगदी दह्याचं भांडं हलवल्यावर जाणवतं तशी.

लगेच दुपारी पुण्याला येऊन तपकीर गल्लीतून पिझोच्या चकत्या आणल्या, त्या स्पर्शातून थरथर पकडतात, हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाहीत. एक चकती पट्ट्यानं फळाच्या पोटाला खालून बांधली, वायर रेकॉर्डरला. आज सकाळी २४ फळं केली. मोटर चालू, वारा सुटलेला, आणि तरी आलेखात एकच स्वच्छ टेकडी उभी राहिली. मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं नुसतं गवत माजल्यासारखं दिसायचं.

आता मॉडेलमध्ये तीनच गोष्टी आहेत: ताईंचा कडकपणाचा आकडा, थरथर किती वेळात विरते ते, आणि बाळी वाळलीय का (मंडईकरांचं ऐकलं). या वेळी फळ कापल्यावर ब्रिक्स, गराचा रंग आणि बियांचा रंग तिन्ही लिहिले, विदर्भकन्या म्हणाल्या तसं गोडी आणि पिकणं वेगळं ठेवलं. जुन्या ६० फळांचं वजन नसल्यामुळे ती बाजूला टाकावी लागली, ६० फळं कापून त्यांचा उपयोग झाला नाही याची हळहळ आहे. त्यामुळे या २४ वरच, दर वेळी एक फळ बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकवलं आणि बाजूच्या फळाचं उत्तर बघितलं.

कापायच्या आधी तात्यांचं उत्तर पण लिहून घेतलं होतं. २० फळांवर तात्या आणि मॉडेल एकाच बाजूला. ४ वर मतभेद, त्यातली ३ तात्यांची बरोबर.

डेटा_दादा
रविवार, रात्री ९:४५

२४ वर फार काही ठरवू नका पण दिशा चांगली आहे. एक सुचवतो, मॉडेलला फिफ्टी-फिफ्टीला 'पिकलं' म्हणू देऊ नका. चुकून वेलावर राहिलेलं पिकलं फळ पुढच्या तोडणीत, तीन-चार दिवसांनी सापडतं. चुकून तोडलेलं कच्चं फळ परत वेलाला लावता येत नाही. दोन चुकांची किंमत वेगळी आहे, म्हणून अगदी खात्री असेल तरच 'घे', नाहीतर 'राहू दे'.

फळप्रक्रिया_ताई
रविवार, रात्री १०:००

आणि जाती वेगळ्या ठेवा. शुगर बेबी गोल असतं, लांबट जातीचं फळ वेगळ्या तऱ्हेनं थरथरतं, गोलाचं सूत्र त्याला तसंच लावू नका.

ती मतभेदाची चार फळं कशी होती? तीन तात्यांची बरोबर, मग चौथ्याचं काय झालं?

शेतीवाला_पुणेकर
रविवार, रात्री १०:३५

ताई, तेच लिहायला परत आलो. तीन फळं वेलाच्या शेंड्याकडची उशिरा लागलेली होती, मॉडेल म्हणालं घे, तात्या म्हणाले राहू दे, कापल्यावर गर फिका गुलाबी निघाला. चौथ्यावर मॉडेल म्हणालं पिकलंय, तात्यांनी टिचकी मारली आणि काहीच न बोलता पुढच्या फळाकडे सरकले. मी वहीत 'राहू दे' लिहिलं. कापलं तर गर लाल, ब्रिक्स ११, आणि मधोमध हात जाईल एवढी पोकळ भेग. मॉडेलचं बरोबर आणि तात्यांचं चुकलं असं मी लिहून टाकलं होतं.

संध्याकाळी त्यांना घरी सोडताना सहज सांगितलं, तर म्हणाले, 'मी कुठं राहू दे म्हटलं? ते आतनं उकललंय, वाटेत फुटंल, ते गाडीत घालायचं नसतं, आपल्या घरी खायचं.' म्हणजे तात्यांची उत्तरं दोन नव्हतीच, तीन होती, आणि तिसऱ्याला ते काही बोलतच नाहीत. पोकळ फळ मऊ फळासारखंच खाली वाजतं त्यामुळे मॉडेलला ते पिकलेलं वाटलं, पण ताई, मी ते रेकॉर्डिंग आता परत उघडून बघितलं, त्यात एका टेकडीच्या जागी दोन शेजारी-शेजारी आहेत.

वहीत तिसरा रकाना आखलाय. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला धायरीतून निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. कुणाकडे जादा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आणा. दायाँ_बायाँ, तुम्ही याल का? सारख्या मापाच्या चार चुंबळी लागतील.

दायाँ_बायाँ
रविवार, रात्री १०:५०

येतो. मोठ्या डग्ग्याच्या चुंबळी आणतो, सहा किलोचं फळ नीट बसेल.